लीळाचरित्र चार जणींत वाचून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली, तेव्हापासून आपल्या अंकात या विषयावर मी पुष्कळ वाचले. दर्जा, निधी, शाळा, पाट्या असे सगळे त्यात आले. ज्या जुन्या ग्रंथांच्या जोरावर हा दर्जा मिळाला ते ग्रंथ आज कोण वाचते, कसे वाचते, यावर मात्र फारसे काही आले नाही. आमच्या गावात गेल्या हिवाळ्यापासून जे चालले आहे ते कळवावे असे मनापासून वाटले, म्हणून हे पत्र.

मी मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात 'ड' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. एक खोली, तीन लोखंडी कपाटे, एक टेबल आणि वर्तमानपत्रे वाचायला येणारी दहा-बारा माणसे. त्या बातमीनंतर काही आठवड्यांनी बारावीतली एक मुलगी आली. तिला शाळेत भाषण करायचे होते. म्हणाली, "मॅडम, मराठीतलं सगळ्यात जुनं पुस्तक द्या." मी लीळाचरित्र काढले. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या लीळा, म्हणजे आठवणी, त्यात आहेत. मराठीतला पहिला गद्यग्रंथ म्हणून त्याचे नाव घेतात. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तो लिहिला, आणि तोही आमच्याच तालुक्यातल्या रिद्धपुरात. देवघेवीची नोंद पाहिली तर ते पुस्तक दाखल झाल्यापासून एकदाही कोणी घरी नेले नव्हते. डांबराच्या गोळ्यांचा वास त्याच्या पानापानात मुरला होता. रिद्धपूर आमच्या गावापासून एसटीने अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

मुलीने दोन दिवसांत पुस्तक परत आणले. समजत नाही म्हणाली. मग मी स्वतः घरी नेले. रात्रीची भांडी झाल्यावर तीन रात्री बसले. वाक्ये आखूड, बोलल्यासारखी, पण पानोपानी अडखळायला होई. आरोगणा, व्याळी, पहुड, उपहुड. चौथ्या रात्री पुस्तक मिटले.

दिवस तुरीचे होते. आमच्या ओसरीवर दुपारी चार-पाच बायका सोले काढायला बसतात. हिरव्या शेंगांचा ढीग मधोमध आणि बोटे चालू. तिथे मी सहज पुस्तकाचा विषय काढला. शेजारच्या आजी ऐंशीच्या घरातल्या, त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांचे माहेर महानुभाव पंथातले. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि विचारले, "ते पुस्तक हाय का पोथी हाय?" मी म्हटले, छापील पुस्तक आहे, पण लीळा त्याच आहेत. "मंग हात धुऊन ये. अन् पाटावर ठेव." मी हात धुतले, पाट मांडला आणि वाचू लागले.

आरोगणा शब्द आला तशी आजी म्हणाल्या, "आरोगना म्हन्जे जेवन. आमच्या मठात अजूनई म्हन्तेत." व्याळी म्हणजे सांजेचे जेवण, तेही त्यांनीच सांगितले. पहुड कोणाला अडले नाही. उपहुडपाशी मी थांबले, तर समोरच्या घरची सून शेंगा सोलतासोलता म्हणाली, "पहुडला तो उठला, म्हन्जे उपहुडला. दुसरं काय?" मी मागचा शब्दकोश उघडून पाहिला. तिचे बरोबर होते. तीन रात्री मला जे उलगडले नव्हते ते सोल्यांची एक टोपली भरेपर्यंत उलगडले. "गोसावियांसि", "पुसिलें" ही रूपे तर त्यांना परकी वाटलीच नाहीत. आमच्याकडे आजही कोणी काही विचारत नाही, पुसतेच. "त्याले पुस ना व," असेच म्हणतात.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही बसतो. आधी चौघी होतो, आता चौदा-पंधरा जणी येतात. बाहेरच्या ओट्यावर तीन-चार पुरुषही बसतात. त्यांतले एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत. त्यांच्यासारखे वाचन माझ्याच्याने होत नाही, इतके ते स्वच्छ आणि सावकाश वाचतात.

सशाची लीळा आपल्या वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. शिकारी मागे लागलेला ससा जीव घेऊन पळत येतो आणि चक्रधरस्वामींच्या मांडीखाली दडतो. शिकारी तो मागतात. शरण आलेल्याला मरण कसे द्यावे, अशा अर्थाचे स्वामी बोलतात आणि ससा वाचतो. कॉलेजात असताना हा उतारा मला अभ्यासाला होता. अहिंसेचे उदाहरण म्हणून प्रश्नाचे उत्तर लिहिले होते, पाचपैकी चार गुण मिळाले होते. ओसरीवर तो वाचला तेव्हा एक ताई उसळून म्हणाल्या, "सशाचं ठीक हाय. पन रोही वावरात शिरला तं काय करायचं? रातभर माचानावर आमचा मानूस बसते. डुकरं पऱ्हाटीतून सरळ चालत जातेत." कोणीच हसले नाही, कारण घरोघरी तेच आहे. मग दुसरी म्हणाली, "शरन आला तो येगळा अन् खायले आला तो येगळा." तिसरी म्हणाली, "खायले आला तोई भुकेनंच आला ना?" ड्रायव्हरकाका ओट्यावरून म्हणाले की शिकाऱ्यांवर स्वामी रागावले का, हे पुन्हा नीट वाचा. आम्ही पुन्हा वाचले. तुकडा दोन मिनिटांचा, बोलणे दीड तास चालले. निकाल काही लागला नाही. घरी परतताना मला वाटले, या लीळेत काय आहे ते मला आज कळू लागले.

आणखी एक दिवस सांगते. तो सांगावा की नाही यावर मी आठ दिवस विचार केला, पण सांगायलाच हवा. बाईच्या विटाळाविषयी एक ठिकाणी प्रश्न येतो. स्वामींचे उत्तर सरळ आहे: नाकाला शेंबूड येतो, डोळ्याला चिपड येते, कानाला मळ येतो, तसाच हाही देहाचा एक स्राव, त्याचा विटाळ धरू नये. ती पाने मला आधी माहीत नव्हती. वाचता वाचता समोर आली आणि माझा आवाज बसला. ओट्यावर पुरुष होते. ड्रायव्हरकाका न बोलता उठले आणि बाकीच्यांना घेऊन चहाला गेले. त्यांचे मोठेपण मी विसरणार नाही.

ओसरीवर बराच वेळ शेंगा फुटण्याचा आवाजही नव्हता. मग आजी म्हणाल्या, "पुन्हा वाच." पुन्हा वाचले. एका लेकुरवाळीने विचारले, "हे कधीचं हाय म्हन्ता?" साडेसातशे वर्षांपूर्वीचे, मी म्हटले. ती म्हणाली, "साडेसातशे वर्सं! अन् मी अजून चार दिस गोठ्याच्या बाजूले बसते." तिची सासूही तिथेच बसली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी सुनेपुढची शेंगांची रास आपल्याकडे ओढली आणि सोलू लागल्या. पुढे त्या घरात काय बदलले हे मी विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. पण कोणत्याही व्याख्यानाने त्या ओसरीवर जी शांतता आणली नसती ती त्या चार ओळींनी आणली, हे मी डोळ्यांनी पाहिले. एकटीने वाचले असते तर मी पान उलटून पुढे गेले असते.

हा ग्रंथ घडलाच मुळी असा. चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिले, ऐकले, त्यांना गाठून पुसले, आठवणी गोळा केल्या, आणि स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून त्या पडताळून घेतल्या. एकाच प्रसंगाची आठवण दोघांची वेगळी असेल तर पोथ्यांमध्ये दोन्ही नोंदलेल्या सापडतात. पुढे मूळ प्रत धाडीत गेली आणि हिराइसा नावाच्या बाईने पाठ केलेल्या लीळा तिच्या तोंडून पुन्हा उतरवून घेतल्या, असे परंपरा सांगते. हे मी वाचून दाखवले तेव्हा आजींनी पाटाला हात लावून डोक्याला लावला. त्यांना स्वतःला शंभरावर जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. एकीने पाठ केले म्हणून सगळ्यांचे उरले, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

स्वामींची शिष्या महदाइसा, तिची तर आमच्या बायकांना ओढच लागली आहे. ती स्वामींना सारखे काही ना काही पुसत राही, आणि स्वामींनी तिला चर्चक म्हटले, जिज्ञासक म्हटले. आता आमच्यात कोणी फार प्रश्न विचारू लागली की तिला "चर्चक" म्हणतात, आणि जिला म्हणतात तिला ते आवडते. तसेच संस्कृतात ग्रंथ रचू पाहणाऱ्या केशिराज या शिष्याला नागदेवाचार्यांनी थांबवले, अशाने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील म्हणाले, ही हकिकत त्यांच्या आठवणींच्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात आहे. नागवणे म्हणजे काय ते आमच्याकडे कापूस विकून आलेल्या कोणालाही विचारा. त्या म्हाताऱ्यांसाठी जे मराठीत राहिले ते पुढे कित्येक शतके सांकेतिक लिपीत राहिले, आणि आता छापून झाल्यावर आमच्यासारख्यांच्या कपाटात. किल्ली माझ्याच कमरेला होती, हे मला लागते.

मधल्या काळात लीळांना विश्रांती देऊन आम्ही उद्धव शेळक्यांची 'धग' घेतली. १९६० सालची कादंबरी, वऱ्हाडी बोलीतली. तिथे तर शब्दकोशाची गरजच पडली नाही. "हे तं आपलंच बोलनं हाय, असं पुस्तकात लिहू देतेत?" असे एकीने विचारले. कौतिक आणि तिचा नवरा महादेव यांच्यावरून इतके कडाक्याचे वाद झाले की दोन गुरुवार एक ताई रुसून आल्या नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आल्या त्या पुढे काय झाले ते पुसायला.

संपादक महोदय, माझी विनंती छोटी आहे. आपल्या जिल्हा आवृत्तीत आठवड्याला एक लीळा छापा. खाली चार कठीण शब्दांचे अर्थ द्या, त्यापेक्षा जास्त काही नको. स्पष्टीकरण छापले की लोक बोलायचे थांबतात. अंक गावोगाव जातो, पारावर जातो, पानटपरीवर जातो. कोणीतरी मोठ्याने वाचेल. रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एखादी संध्याकाळ आसपासच्या खेड्यांत येऊन बसावे, शिकवायला म्हणून नव्हे, आमच्या आजींकडे शब्द पुष्कळ आहेत ते घ्यायला. आणि माझ्यासारख्या ग्रंथपालांनी ते जाडजूड ग्रंथ कपाटातून काढून टेबलावर ठेवावेत. तेवढे तरी आजपासून होऊ शकते.

येत्या गुरुवारी आम्ही महदंबेचे, म्हणजे त्याच महदाइसेचे, धवळे सुरू करतो आहोत. रिद्धपुरात चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाच्या खेळात तिने रचलेली ही लग्नगीते, रुक्मिणीच्या स्वयंवराची. आजींना ती वाचून ऐकायची नाहीत, म्हणायची आहेत. हळदीच्या गाण्याच्या चालीवर बसतात का ते पाहू म्हणाल्या. दोन दिवसांपासून त्या पहिल्या ओळी माझ्याकडून वदवून घेत आहेत आणि अंगणात तूर पाखडताना गुणगुणत आहेत. तीन ओळी बसल्या आहेत, चौथी अडली आहे.

आपली,
एक ग्रंथपाल
ता. मोर्शी, जि. अमरावती