बिलावर नुसतं ‘गिअर ऑइल’ लिहू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत जुनी गाडी सांभाळण्याबद्दल आलेला लेख मी दोनदा वाचला. चांगला होता, टायर, बॅटरी, कूलंट सगळं आलं त्यात, पण ऑटोमॅटिक गाडीच्या ट्रान्समिशन ऑइलबद्दल, म्हणजे गिअरबॉक्समधल्या ऑइलबद्दल, एकच ओळ होती, की ते वेळच्या वेळी बदलावं. कुठलं घालायचं ते काहीच नव्हतं आणि खरा घोळ तिथंच होतो, माझ्या गाडीत झालाय, म्हणून हे पत्र.

माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. क्लच दाबणं मला जमत नाही, त्यामुळे माझ्यासाठी ऑटोमॅटिक म्हणजे हौस नाही, तेच माझे पाय आहेत. नवीन ऑटोमॅटिक परवडत नव्हती म्हणून २०१६ साली २००९ची होंडा सिव्हिक सेकंडहँड घेतली, तेव्हा ७८ हजार किलोमीटर झाले होते आणि आज १ लाख ७१ हजार आहेत. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर ग्रीन टॅक्स भरून, आरटीओत उभं राहून पुढच्या पाच वर्षांचं पासिंगही करून घेतलं. माझ्यासारखे गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, पॅरालिसिसमधनं उठलेले, वय झालेले कितीतरी लोक अशाच जुन्या ऑटोमॅटिक चालवतात कारण त्याच त्यांच्या आवाक्यात असतात. त्या गाडीचा गिअरबॉक्स गेला तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो, मग गाडी भंगारात आणि माणूस घरात.

झालं असं की तीन वर्षांपूर्वी इथल्या एका गॅरेजात मी सर्व्हिसिंगला गाडी दिली आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला सांगितलं. बिलावर लिहून आलं ‘गिअर ऑइल – ३ लि.’ बस्स. मी विचारलं कुठलं घातलंत, तर म्हणाले, "ताई, ऑटोमॅटिकचं लाल असतंय तेच, सगळ्यांना चालतंय." मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम केलंय, लेबल नसलेली बाटली मी कधी कुणाला हातात घेऊ दिली नाही, पण त्या दिवशी मी गप्प बसले, घाईत होते, आणि ती चूक माझीच.

महिनाभरानं माहेरी चिपळूणला निघाले. कऱ्हाड सोडून पाटणच्या रस्त्याला लागलं की पन्नास-साठच्या स्पीडला, ॲक्सिलरेटर हलका धरला की गाडी थरथरायची, अगदी रस्त्यावरच्या रम्बलरवरनं गेल्यासारखी, आणि जरा जोरात दाबला की थांबायची. आधी वाटलं रस्ताच खराब आहे. कुंभार्ली घाट कसाबसा उतरले, परत येताना चढावर तर जीव मुठीत धरून आले.

कोल्हापूरच्या एका वयस्कर मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी डिपस्टिक काढली, वास घेतला आणि म्हणाले, "ह्यात काय घातलंय ओ ताई?" माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं कारण बिलावर नावच नाही. घरी येऊन मी फिल्टर पेपरवर एक थेंब टाकला. लॅबमधली सवय आहे. चांगलं ऑइल असेल तर थेंब लालसर आणि एकसारखा पसरतो, माझा मात्र मधे काळपट डाग धरून बसला आणि कडेला तेवढी तपकिरी कड आली, वासही जळकट. हा पेपर मी अजून ठेवलाय.

आता हे ‘लाल ऑइल’ प्रकरण काय आहे ते जरा सविस्तर लिहिते कारण हेच लोकांना माहीत नसतं. गॅरेजात बहुतेकदा डेक्सरॉन जातीचं लाल ऑइल असतं, पॉवर स्टेअरिंगला वगैरे लागतं म्हणून ठेवलेलं. डेक्सरॉन हे जनरल मोटर्सचं स्पेसिफिकेशन, १९६७ पासूनचं. त्यातल्या डेक्सरॉन-३ चे परवाने जीएमनं २००६ च्या शेवटी बंद केले आणि त्याच्या जागी डेक्सरॉन-६ आणलं जे मुळात पातळ असतं, म्हणजे आज बाजारात बाटलीवर ‘डेक्सरॉन-३ साठी योग्य’ असं लिहिलेलं असलं तरी त्यामागे जीएमचा चालू परवाना नसतो, ते फक्त ऑइल बनवणाऱ्याचं म्हणणं असतं. आणि लाल हा तर नुसता रंग आहे, गळती ओळखू यावी म्हणून टाकलेला. रंग बघून ऑइल निवडणं म्हणजे रंग बघून लॅबमधलं ॲसिड निवडण्यासारखं झालं.

इंजिन ऑइलचं मुख्य काम घसरवणं. एटीएफला, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलला, घसरवायचंही असतं आणि पकडायचंही असतं. त्याच्याच प्रेशरवर गिअर पडतो, टॉर्क कन्व्हर्टरमधनं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या ऑइलभरल्या जोडातनं, इंजिनची ताकद तेच पुढे नेतं, उष्णता तेच बाहेर काढतं आणि आतले, आपोआप चालणारे क्लच त्याच्यातच बुडालेले असतात. तो क्लच किती पटकन आणि किती घट्ट पकडायचा हे ऑइलमधल्या फ्रिक्शन मॉडिफायरवर, म्हणजे घर्षण कमी-जास्त करणाऱ्या रसायनावर ठरतं आणि प्रत्येक कंपनीनं ते आपल्या क्लचच्या मटेरियलप्रमाणे ठरवलेलं असतं. माझी थरथर ती हीच, टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच, जो इंजिन आणि गिअरबॉक्स सरळ जोडतो, तो धड पकडत नव्हता आणि धड सुटतही नव्हता.

होंडाच्या त्या काळातल्या ऑटोमॅटिकची रचनाच वेगळी, बाकीच्यांसारखे प्लॅनेटरी गिअर (मधल्या चाकाभोवती फिरणारी छोटी चाकं) नाहीत, मॅन्युअलसारखे समांतर शाफ्ट आहेत. तिला आधी होंडाचंच झेड-१ नावाचं ऑइल लागायचं, २०११ च्या सुमारास कंपनीनं त्याच्या जागी डीडब्ल्यू-१ आणलं आणि ते जुन्या झेड-१ वाल्या गाड्यांना चालतं. होंडाच्या काही जुन्या पुस्तकांत अडचणीला तात्पुरतं डेक्सरॉन-३ चालेल असंही लिहिलं होतं, पण त्याच्याच पुढे लिहिलं होतं की लवकरात लवकर ते काढून आमचं घाला. गॅरेजवाले पहिलं वाक्य लक्षात ठेवतात आणि दुसरं सोडून देतात.

बाकीच्या गाड्यांचंही असंच आहे. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-३, नंतरच्या सहा गिअरवालीला एसपी-४, हे एकमेकांच्या जागी घालायचं नाही. टोयोटाचं आधीचं टी-४ आणि नंतरचं डब्ल्यूएस, तेही वेगळं. शेवरोले क्रूझला डेक्सरॉन-६ लागतं आणि ती कंपनी तर २०१७ ला इथली विक्री बंद करून गेली, म्हणजे मालकानंच लक्षात ठेवायचं. २०१४ पासूनच्या पेट्रोल होंडा सिटीत सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुली, तिला एचसीएफ-२. सीव्हीटीत पट्टा पुलीला नुसत्या घर्षणानं धरतो, तिथं साधं एटीएफ घातलं की पट्टाच घसरणार. आणि मारुतीची सेलेरिओ आल्यापासून एएमटीलाही, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्रानं आपोआप टाकणाऱ्या गाडीलाही, सगळे ऑटोमॅटिकच म्हणतात, पण तिचा गिअरबॉक्स आतनं मॅन्युअलच असतो, तिथं गिअर ऑइल लागतं. म्हणजे दारात उभ्या चार ‘ऑटोमॅटिक’ गाड्यांना चार वेगळी ऑइलं लागू शकतात आणि बिलावर चारही ठिकाणी ‘गिअर ऑइल’.

जास्त पळालेल्या गाडीबद्दल एक भीती सगळीकडे ऐकू येते, की जुनं ऑइल काढलं तर गिअरबॉक्स बसतो. त्यात थोडं तथ्य आहे, क्लच आधीच झिजलेले असले तर मशिन लावून सगळं ऑइल एका दमात ढकलून काढणं जोखमीचं. पण म्हणून जळकं ऑइल तसंच ठेवायचं हे काही उत्तर नाही. मिस्त्रींनी मला साधा मार्ग सांगितला, जेवढं निघेल तेवढंच काढून तेवढं नवं घालायचं, असं तीनदा. ड्रेन प्लग (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) खोलला की माझ्या गाडीतनं अडीच लिटरच्या आसपास निघतं, एकूण सहा लिटर धरा, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणजे एकदा बदललं की साधारण ६० टक्के जुनं उरतं, दुसऱ्यांदा ३६, तिसऱ्यांदा २२. लॅबमध्ये ब्युरेट, म्हणजे मापाची काचेची नळी, आपण थोड्या-थोड्या पाण्यानं तीनदा खळबळतो तसंच. मधे चारपाचशे किलोमीटर चालवायची म्हणजे मिसळतं. ड्रेन प्लगला मॅग्नेट असतो, त्यावर बारीक करडा लेप होता, तो चालतो, धातूचे कपचे निघाले असते तर मात्र ऑइल बदलून उपयोग नव्हता. दुसऱ्या फेरीनंतर थरथर निम्म्यावर आली आणि तिसरीनंतर पाटणच्या रस्त्यावर मी मुद्दाम पन्नास-साठला हलका ॲक्सिलरेटर धरून बघितलं तर काहीच नाही. डोळ्यांत पाणी आलं मला, खरंच सांगते.

‘हाय मायलेज’ लिहिलेली एटीएफ मिळतात, त्यात रबरी सील थोडे मऊ करणारं रसायन असतं, बारीक पाझर असेल तर उपयोग होऊ शकतो, पण आपल्या गाडीच्या स्पेसिफिकेशनचं नाव त्यावर असेल तरच. ‘सर्व गाड्यांसाठी’वाल्या बाटल्या मी तरी घेत नाही. मी अधिकृत डीलरच्या पार्ट काउंटरवरनं सीलबंद डबा आणते, महाग पडतो, पण नंतरच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

संपादक, माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पुढच्या पुरवणीत गाडीचं मॉडेल, साल आणि ट्रान्समिशन ऑइलचं स्पेसिफिकेशन असा तक्ता छापा, आपल्याकडच्या रस्त्यावर दिसणाऱ्या वीसपंचवीस गाड्यांचा, लोक कापून गाडीत ठेवतील. आणि आपला पेपर गॅरेजागॅरेजात टेबलावर पडलेला असतो म्हणून गॅरेजमालकांनाही सांगते, बिलावर ऑइलचं नाव आणि स्पेसिफिकेशन पूर्ण लिहा आणि रिकामा डबा गिऱ्हाइकाला दाखवा. मी आता डबा बघितल्याशिवाय पैसे देत नाही आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला स्टिकर लावलाय, डीडब्ल्यू-१, तारीख, किलोमीटर. गाडी उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तरी त्याला कळेल.

– एक वाचक, कऱ्हाड