उंची थरांची, चकाकी सबुरीची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यूव्ही प्रिंटरवर (अतिनील प्रकाशाने शाई घट्ट करणाऱ्या छपाईयंत्रावर) पारदर्शक शाईचे थर एकावर एक चढवून उठावदार, चकचकीत अक्षरे आणि नक्षी छापण्याची पद्धत मुखपृष्ठे, खोकी, नामफलक, मोबाइलची कव्हरे अशी सर्वत्र रुळली आहे. या कामाची मागणी वाढते आहे याचा मला मुद्रक म्हणून मनापासून आनंद आहे. परंतु ग्राहक, डिझायनर आणि पुष्कळदा यंत्रावर बसलेला ऑपरेटरही ‘जितके थर जास्त, तितकी चकाकी जास्त’ असे धरून चालतो आणि काम तिथेच बिघडते, म्हणून हे पत्र.

यूव्ही शाईतून पाणी किंवा द्रावक उडून जावे लागत नाही. दिव्याचा अतिनील प्रकाश (एलईडी दिव्यांत तो बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपास असतो) पडताच शाईतील फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाशाने क्रिया सुरू करणारा घटक, जागा होतो, द्रवातील रेणू एकमेकांना जोडले जातात आणि थेंब आहे त्या जागी घट्ट होतो. थर चढवता येतात ते यामुळेच. मात्र शाईचे थेंब सोडणाऱ्या हेडच्या पाठोपाठ दिवा पूर्ण शक्तीने चालू असेल, तर थेंब पसरण्याआधीच गोठतात, पृष्ठभाग डोळ्यांना जाणवणार नाही इतका खडबडीत राहतो, त्यावरून प्रकाश विखुरतो आणि तो भाग मॅट, म्हणजे बिनचमकीचा, दिसतो. असे दहा थर दिले तरी मिळते ती उंची, चकाकी नव्हे. चकाकीसाठी दिवा बंद किंवा अगदी मंद ठेवून शाई पडू द्यावी लागते, थेंब एकमेकांत मिसळून सपाट होईपर्यंत थांबावे लागते आणि मगच तो थर पूर्ण क्युअर करावा, म्हणजे प्रकाशाने घट्ट करावा लागतो. अर्थात ओला थर कडांवरून ओघळतो, बारीक अक्षरे बोथट करतो आणि थांबलेल्या वेळात हवेतील धूळही धरून ठेवतो; त्यामुळे सगळे थर असे देणेही चूकच. उंची लगेच घट्ट होणाऱ्या थरांनी उभी करावी आणि शेवटी कडेपासून केसभर आत घेतलेला, सलग, असा एकच ग्लॉस थर द्यावा, हीच मला योग्य वाटणारी रीत आहे.

नको तितके थर दिल्याचे दुष्परिणाम ग्राहकाला नंतर दिसतात. पारदर्शक शाईला मुळातच किंचित पिवळी झाक असू शकते. एका थरात ती कळत नाही, पण थर वाढले की पांढऱ्या पार्श्वभूमीवर लपत नाही. घट्ट होताना शाई आकसते, त्यामुळे पातळ कागद वळतो, आणि घडीच्या रेषेवर जाड थर असेल तर तो तडकतो. खालचा थर प्रमाणाबाहेर क्युअर झाला, तर वरचा थर त्याला नीट धरत नाही. उलट घाई केली तर पृष्ठभाग चिकट राहतो, वास येतो. आणि अर्धवट घट्ट झालेल्या शाईतील अॅक्रिलेट या रसायनामुळे त्वचेला अॅलर्जी होऊ शकते, म्हणून ऑपरेटरच्या हातमोज्यांबाबत तडजोड नको. थर चढत जातील तसे हेडचे अंतरही तपासावे लागते, नाहीतर हेड छापलेल्या भागावर घासते.

डिझायनर मंडळींना एक आग्रहाची विनंती. पारदर्शक शाईसाठी फाइलमध्ये स्वतंत्र स्पॉट चॅनेल (ही शाई कुठे पडायची ते दाखवणारा वेगळा विभाग) द्यावा आणि सगळे पान तिने भरू नये. उठाव जाणवायला शेजारी सपाट जागा लागते आणि ग्लॉस खुलायला मॅट पार्श्वभूमी लागते. गडद, मॅट लॅमिनेशनवर मोजक्या रेषांना दिलेली चकाकी मला नेहमीच अधिक देखणी वाटते.

याच तंत्राने ब्रेल ठिपकेही छापता येतात आणि त्याचा इतका मोलाचा दुसरा उपयोग मला माहीत नाही. तिथे चकाकीला काही अर्थ नाही. ठिपक्याची उंची साधारण ०.५ मिलिमीटर हवी, अंतर ठरलेल्या मापाचे हवे, माथा गोल आणि बोटाला न टोचणारा हवा. तेव्हा ब्रेलचा उपयोग निव्वळ शोभेसाठी करून वाचता न येणारे ठिपके कुणी छापू नयेत.

ग्राहकांनी अशा कामाला पडद्यावरची प्रतिमा पाहून संमती देऊ नये. तिथे ना उठाव कळतो, ना शाईची झाक. प्रत्यक्ष ज्या कागदावर किंवा पत्र्यावर काम व्हायचे आहे त्यावरच नमुना मागावा, तो तिरक्या उजेडात धरून पाहावा, पूर्ण घट्ट झाल्यावर नखाने कड उचलून बघावी आणि त्यानंतरच छपाईला होकार द्यावा.

आपला विश्वासू,
एक मुद्रण व्यावसायिक