शोधनिबंध परत का येतो?

नियतकालिकाकडे पाठवलेला शोधनिबंध नाकारला गेला की दोष परीक्षकांना, म्हणजे तो तपासणाऱ्या विषयतज्ज्ञांना, दिला जातो. पण बरेच निबंध त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. विषय नियतकालिकाच्या कक्षेत बसत नसेल किंवा वाङ्मयचौर्य आढळले, तर संपादकच ते परत पाठवतात. पुढे गेलेला निबंध सहसा दोन-तीन परीक्षक वाचतात, तेही बहुधा विनामोबदला; होकार देणारा परीक्षक मिळेपर्यंतच अनेकदा कित्येक आठवडे जातात. ‘मोठ्या दुरुस्त्या’ हा शेरा म्हणजे नकार नव्हे, हे नवसंशोधकांना कुणीतरी सांगायला हवे! दुरुस्त निबंधासोबतच्या उत्तरात परीक्षकांचा प्रत्येक आक्षेप लिहून त्याखाली उत्तर आणि बदललेल्या मजकुराचा पान-ओळ क्रमांक द्यावा. आक्षेप पटला नाही तर पुराव्यानिशी तसे लिहावे, गाळू मात्र नये. आणि एकच निबंध एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे कधीही पाठवू नये. उघड झाल्यास तो दोन्हीकडून बाद होऊ शकतो.