डॉक्टरांवरील कारवाई रुग्णालाही कळावी
नौपाड्यातल्या दवाखान्यांत भिंतीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दिसतो. पण त्या डॉक्टरवर पूर्वी कारवाई झाली होती का, हे रुग्णाने कुठे पाहायचे? महाराष्ट्र वैद्यकीय परिषद दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करते, त्यासाठी प्रशिक्षणाचे ३० गुण लागतात. अभ्यास तपासता, तसे वर्तनही तपासा. अमेरिकेत १९९० पासून डॉक्टरांवरील कारवाईचा राष्ट्रीय नोंदकोश आहे. एका राज्यात परवाना गमावलेल्या डॉक्टरने दुसरीकडे अर्ज केला, तर तिथले मंडळ त्यातून माहिती मागवू शकते. सामान्यांना मात्र तो बंद आहे, हे मला पटत नाही. ब्रिटनमध्ये निलंबन कोणालाही नोंदवहीत पाहता येते. आपल्याकडेही सिद्ध झालेली कारवाई (नुसती तक्रार नव्हे, त्यात निरपराध डॉक्टर भरडले जातील) नोंदणी क्रमांकासोबत दाखवावी.
- एक वाचक, नौपाडा, ठाणे