दिवा गेला आहे, मंत्रिमहोदय

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

आपण आमच्या प्रयोगशाळेत आला होतात, तेव्हा प्रकाशावर चालणाऱ्या आमच्या संवेदकातल्या वीजप्रवाहाचा पडद्यावरचा आलेख मीच दाखवला होता. दिवा लावला की रेघ चढते, झाकला की उतरते, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. काचपट्टीवर ट्रोपोनिनचा थेंब सोडला आणि पायरी बुटकी झाली. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरतं ते हे प्रथिन. ते काचेवर त्यालाच पकडायला बसवलेल्या प्रतिपिंडाला चिकटतं, इलेक्ट्रॉनांची वाट अडते, प्रवाह घटतो. आपण म्हणालात, “पैशांअभावी हे काम थांबणार नाही.”

थांबलंय. परवा झेनॉन दिवा गेला. नवा आणायला पैसे नाहीत, कारण अनुदानाचा दुसरा हप्ता 11 महिने रखडलाय. माझी फेलोशिपही त्यातच अडकली. घरी काय सांगायचं, हे आता मला सुचत नाही. माझी सहकारी काम अर्धवट टाकून गेली. तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या काचपट्ट्या खोक्यात पडून आहेत.

फाइल तीनदा परत आली. शेवटचा शेरा : “ग्राफीन आणि सच्छिद्र चौकट, दोन्ही कशाला? एकच वापरावे.” त्या रात्री मी झोपले नाही. अहो, धातू-सेंद्रिय चौकट म्हणजे धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून केलेली सच्छिद्र जाळी. आमची पॉर्फिरिन या रंगद्रव्याची चौकट प्रकाश उत्तम टिपते. अशा चौकटींच्या एका ग्रॅममध्ये हजारो चौरस मीटर पृष्ठभाग मावतो. पण वीज वाहून नेण्यात ती कच्ची. प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन मागे राहिलेल्या पोकळीत परत पडतो, की सगळं वाया. ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर, त्याला वेळीच उचलून नेतं. एक फोन केला असता तरी हे सांगितलं असतं!

याच चौकटींसाठी 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल किटागावा, रॉब्सन आणि याघी यांना मिळालं. रॉब्सन यांचं सुरुवातीचं काम 1989 चं. 36 वर्षं! आणि तुमच्या तक्त्यात दर सहा महिन्यांनी ‘फलनिष्पत्ती’ भरायची. तिथे शोधनिबंध मोजतात. उपकरण रुग्णाच्या खाटेपाशी पोचलं का, याला रकानाच नाही. आमचा संवेदक अजून बफरमध्येच, म्हणजे प्रयोगशाळेतल्या स्वच्छ द्रावणातच, चालतो. रक्तातली इतर प्रथिनंही काचेला चिकटतात, त्यांचं काय करायचं तेच आता शोधायचं होतं. नेमकं तिथेच तुम्ही हात काढून घेतलात.

हप्ता या महिन्यात सोडा. प्रस्ताव विषय जाणणाऱ्याकडे पाठवा. आणि शेरा मारणाऱ्याला खाली नाव लिहायला सांगा.

एक संशोधक