एक लाख शिलालेख स्कॅन करण्याआधी: केंद्रीय संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संस्कृती मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: ‘भारत श्री’ प्रकल्पात मूळ दगडाची नोंद घेण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

२०२३-२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘भारत श्री’ या डिजिटल अभिलेख-संग्रहाची घोषणा झाली. पहिल्या टप्प्यात एक लाख प्राचीन लेखांचे डिजिटायझेशन करायचे, असे त्यात म्हटले होते. बेत चांगला आहे. मात्र कपाटातले शिलालेखांचे कागदी ठसे स्कॅनरखाली सरकवले की लेख जतन झाला, असा हिशेब कुणी मांडू नये, म्हणून हे पत्र. मुद्दा नाशिकच्या एका भिंतीवरून लवकर कळेल.

पांडवलेण्यांतले दहावे लेणे. ओसरीच्या मागच्या भिंतीवर, दारांच्या वर, जवळजवळ भिंतीच्या लांबीभर उषवदाताचा ब्राह्मी लेख आहे. हा नहपान या क्षत्रप राजाचा जावई. त्याने तीन लाख गाई दिल्या, देव-ब्राह्मणांना सोळा गावे दिली, वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवू घातले, तापी, दमणा, दाहानुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. आणि हेच सांगता सांगता तो म्हणतो की त्रिरश्मी डोंगरावरचे हे लेणे व पाण्याची टाकी आपण करवली. लेणे अर्थातच भिक्षूंसाठी.

शेजारच्या दुसऱ्या लेखात, वर्ष ४२च्या वैशाखात, त्याने संघाला ३००० कार्षापणांची (त्या काळची नाणी) अक्षयनीवी दिली आहे, म्हणजे मूळ रकमेला हात न लावता फक्त व्याज वापरायची ठेव. पैसे गोवर्धन या गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण. आता वही काढा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२, म्हणजे बरोबर २४०. दमडीचाही फरक नाही. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि दप्तरात नोंदवला, हेही तिथेच कोरले आहे.

ही बेरीज जुळते ती आकडे नीट वाचता आले म्हणून. ब्राह्मीत हजाराच्या चिन्हाला एक छोटी रेघ जोडली की दोन हजार होतात, दोन जोडल्या की तीन हजार. ती रेघ पुसली गेली तर एका श्रेणीची निम्मी ठेव गेली. इथे सुदैवाने एकूण रक्कम अक्षरांतही आहे. सगळीकडे तशी नसते.

तिसऱ्या लेण्यात तर सरकारी पत्रव्यवहारच कोरलेला आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी राज्याच्या अठराव्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला कळवतो: उषवदाताकडे असलेल्या शेतातली २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) या भिक्षूंना द्या. चोविसाव्या वर्षी, आईच्या बरोबरीने, दुसरा आदेश: ते शेत कसले जात नाही, गावही ओस आहे, तेव्हा नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातली १०० निवर्तने द्या. दिलेली जमीन निरुपयोगी निघाली, ही कबुली भिंतीवर आहे. आमच्या मते महाराष्ट्रातले हे सर्वांत वाचनीय शुद्धिपत्रक. याच लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाला ‘एकबम्हण’, म्हणजे एकमेव ब्राह्मण, म्हणते, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा म्हणते, आणि लेणे भदावनीय या बौद्ध पंथाच्या भिक्षुसंघाला देते. तिकडे नाणेघाटात सातवाहन राणीच्या लेखाची सुरुवात धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव यांच्या नमनाने होते आणि पुढे अश्वमेधासह यज्ञांची व दक्षिणांची यादी येते. सातवाहन वैदिक की बौद्धांचे आश्रयदाते, या आजच्या वादात यांतले एकच टोक उचलले जाते. लेखांत ते एकाच घराण्याच्या खर्चाचे रकाने आहेत.

आता कामाची पद्धत. शाईचा ठसा घेताना दगड मऊ ब्रशने झाडतात (तारेचा ब्रश कदापि नको), धुतात, ओला कागद चिकटवतात, ब्रशने मधून कडेकडे ठोकत हवा काढतात, कागद अर्धवट सुकला की शाईचे बोळे टेकवतात. कागद फार ओला असेल तर शाई फुटते आणि दगडावर उतरते. फार सुकला तर सुटतो आणि अक्षर सरकते. बोळ्यावर शाई जास्त झाली की उथळ रेघा बुजतात, आणि ब्राह्मीत काना, वेलांटी, मात्रा या उथळ रेघाच असतात. ठसा उत्तम आला तरी एक अडचण उरते. आपल्याकडचा काळा पाषाण बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेला असतो. ठशावर भोकही पांढरा ठिपका आणि अनुस्वारही पांढरा ठिपका. भोकाचा काठ गोलसर व तळ खोल, तर छिन्नीच्या टिंबाला उतार असतो. हा फरक दगडावर तिरपा उजेड टाकल्यावर दिसतो, कागद स्कॅन करून नाही.

म्हणून प्रत्येक लेखाची नोंद तीन थरांत व्हावी. जुना ठसा असेल तर त्याचे स्कॅन. मग कॅमेरा एकाच जागी ठेवून, चौकटीत चकचकीत काळा गोळा व मोजपट्टी ठेवून, दिवा दरवेळी वेगळ्या कोनातून धरून काढलेले ५०-६० फोटो. आणि एकमेकांवर किमान ६० टक्के चढणाऱ्या फोटोंवरून केलेले त्रिमितीय प्रारूप. उंचावरच्या लेखांसाठी परांची लागेल. ती भिंतीला टेकता कामा नये. फोटोसाठी अक्षरांत खडू भरू देऊ नका, कारण खडू भरणाऱ्याने जे वाचले तेच फोटोत उतरते आणि पुढचे सगळे तेच वाचत बसतात. कच्च्या फाइली, न छाटलेल्या, खुल्या ठेवा. पाठात तुटलेली, संशयित आणि संपादकाने भरलेली अक्षरे वेगवेगळ्या खुणांनी दाखवा. देवनागरी पाठासोबत त्या राज्याच्या भाषेत अर्थ असावा. नाशिकच्या लेखाचा अर्थ मराठीत नसेल तर नाशिककरांना तो संग्रह काय कामाचा?

संरक्षित स्मारकात तिपाई लावायला परवानगी लागते. नियम ठीक आहे, पण अभिलेखांच्या अभ्यासकांसाठी वर्षभराचा एकच परवाना द्यावा.

भिंतीच सुटत असतील तर नोंदीची घाई आणखी. डोंगरमाथ्यावरचे पाणी वळवणारे चर गाळाने भरले की पाणी दगडाच्या सांध्यांतून आत येते, क्षार पृष्ठभागावर येऊन सुकतात आणि पापुद्रा अक्षरासकट सुटतो. फटी सिमेंटने बुजवल्या तर पाणी आतच कोंडते, शिवाय सिमेंटचे क्षार त्यात भर घालतात. आधी चर मोकळे करावेत, मग गरजेपुरता चुना, तोही अक्षरांपासून दूर.

शेवटी फलक. ‘इ.स.पूर्व अमुक, हीनयान, कोरीव काम सुंदर’ एवढ्यावर भागवू नये. दहाव्या लेण्याबाहेर उषवदाताचा २०००, शेकडा एक, २४०, वीस भिक्षू हा हिशेब जसाच्या तसा लिहावा. शाळेची पोरे तो तिथेच करून बघतील.

सुरुवात तिसऱ्या आणि दहाव्या लेण्यापासून करावी. दिवाळीनंतर भिंती सुकलेल्या असतात. मार्चपर्यंतच्या काळात दोन्ही लेण्यांचे चित्रण उरकावे आणि पावसाळ्याआधी चर साफ व्हावेत.

आपले,
अभिलेखांचे काही वाचक