ज्या लॅपटॉपला स्विचच नव्हता

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

लिनक्स घातल्यापासून माझ्या लॅपटॉपचे वायफाय चालत नव्हते. त्यासाठी आपण सलग दोन संध्याकाळी फोनवर माझ्याबरोबर थांबलात, त्याबद्दल हे आभारपत्र. आपण नको म्हणालात म्हणून नाव लिहीत नाही.

आपल्याला फोन करण्यापूर्वी ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ ही आज्ञा (आरएफकिल म्हणजे बिनतारी उपकरणे बंद-चालू करणारी लिनक्सची सोय) मी किती वेळा दिली याची गणती नाही, आणि नंतर ‘आरएफकिल लिस्ट’ने यादी पाहिली की दर वेळी ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ (हार्डवेअरकडून अडवलेले) हेच दिसत होते. आपण मला आधी ती यादी मोठ्याने वाचायला लावलीत, तेव्हा कुठे तिच्यात वायफायच्या दोन नोंदी असल्याचे माझ्या ध्यानात आले: एक वायफाय कार्डाच्या ड्रायव्हरची (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामची) आणि दुसरी लॅपटॉपच्या फर्मवेअरशी (यंत्रातच भरलेल्या मूळ प्रोग्रामशी) बोलणाऱ्या प्लॅटफॉर्म ड्रायव्हरची. कार्ड मोकळे होते. अडवणूक दुसऱ्या नोंदीत होती. “बंद आहे असे कोण सांगते आहे, ते आधी बघा,” असे आपण म्हणालात.

सॉफ्ट ब्लॉक आपण आज्ञा देऊन लावू किंवा काढू शकतो, पण हार्ड ब्लॉक म्हणजे हार्डवेअरची स्थिती काय आहे याचे ड्रायव्हरने दिलेले निवेदन असते आणि ते कोणत्याही आज्ञेने पुसता येत नाही, हा भेद मला त्या दिवशी कळला. इंटेलच्या कार्डांचा आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर वायफाय बंद-चालू करणारा स्विच हलताच इंटरप्टने (हार्डवेअरच्या तातडीच्या इशाऱ्याने) जागा होतो. जिथे इंटरप्टची सोय नसते तिथे कर्नल (लिनक्सचा गाभा) दर 5 सेकंदांनी ड्रायव्हरला स्थिती विचारत राहतो. बदल कळला की ड्रायव्हर तो आरएफकिल उपप्रणालीला कळवतो आणि ‘/डेव्ह/आरएफकिल’ ही फाइल उघडून बसलेल्या प्रत्येक प्रोग्रामकडे अवघ्या 8 बाइटांचा संदेश जातो: 4 बाइट नोंदीच्या क्रमांकाला, उरलेल्या चारांत प्रकार, घटना, सॉफ्ट आणि हार्ड. (कर्नल 5.11 पासून हार्ड ब्लॉकचे कारण सांगणारा आणखी एक बाइट त्याला जोडता येतो. माझ्या बाबतीत कारणच खोटे होते, ही गोष्ट वेगळी.)

माझ्या लॅपटॉपला असा स्विच मुळात नाही. तरीही प्लॅटफॉर्म ड्रायव्हर फर्मवेअरला त्याची स्थिती विचारी, फर्मवेअर प्रत्येक वेळी ‘बंद’ म्हणे, आणि जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्राम त्यावर विश्वास ठेवून वायफाय सुरू करायचे नाकारी. त्या प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचे मॉड्यूल (कर्नलमधून काढता-घालता येणारा भाग) काढताच वायफाय सुरू झाले. मी तिथेच थांबलो असतो, पण मॉड्यूल काढल्याने काही फंक्शन की बंद पडल्या होत्या आणि ही तडजोड आपल्याला पसंत नव्हती. स्विच नसलेल्या मॉडेलांची एक यादी त्या ड्रायव्हरमध्येच आहे, हे आपण दाखवलेत आणि माझ्या मॉडेलची डीएमआय माहिती (फर्मवेअरमध्ये नोंदलेले मॉडेलचे नाव वगैरे) काढून ती यादीत कशी भरायची हेही शिकवलेत.

तो छोटासा पॅच (ड्रायव्हरमधील दुरुस्ती) आता तयार आहे. त्याच्या ‘सजेस्टेड-बाय’ (‘यांनी सुचवले’) या ओळीत तरी आपले नाव घालण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
दोन संध्याकाळींचा विद्यार्थी